गाळणीने दूध उकळलं

गाळणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. डेअरीच्या धक्क्यावर दुधाचे कॅन उतरवणाऱ्या ड्रायव्हर मंडळींनी ते ठेवलं आणि ते तिला असं चिकटलं, की मॅनेजरसुद्धा सगळ्यांसमोर "गाळणीबाईंना बोलवा" म्हणून मोकळा व्हायचा. काम तिचं दूध तपासायचं. ट्रक धक्क्याला लागला की पांढरा कोट आणि रबरी बूट घालून ही पुढे यायची, कॅनचं झाकण उघडायची आणि आधी नाक आत घालायची. मग पाणी मिसळलंय का ते दाखवणारा लॅक्टोमीटर बुडवायची. मग लांब दांड्याच्या पळीने दूध ढवळून थोडंसं काचेच्या नळीत घ्यायचं आणि नळी उकळत्या पाण्यात धरायची. नळीतल्या दुधाने जराशी जरी गुठळी धरली की कॅन परत. ड्रायव्हर गयावया करायचे. ताई, सकाळचंच आहे, थेट गोठ्यातून आणलंय. ही विचारायची, गोठा मी पाहिलाय का?

आता कुणी म्हणेल, धंद्यानेच तिला संशयी केलं. छे. ती होतीच तशी, धंदा तिला बरोबर सापडला. औषधाची बाटली घरात आली की आधी उजेडात धरून सील बघायची. शेजारीण "सहज आले होते" म्हणाली की हिच्या मनात पाल चुकचुकलीच, कारण सहज कोण कुणाकडे येतं? लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडच्यांनी सांगितलं, मुलगा बस डेपोत मेकॅनिक आहे, निर्व्यसनी आहे, शांत आहे. बाकीच्या मुली यावर लाजतात. ही दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन कुंपणाबाहेर उभी राहिली. बसच्या पोटाखाली एक माणूस उताणा पडलेला, तोंडाला ग्रीस, आणि हातातला पाना थेट छातीवर पडला तरी शिवी न देता पुन्हा कामाला लागला. तिला तो आवडला. तरी आणखी एकदा जाऊन बघून आली, एखाद्या दिवशी माणूस सोंगही करतो म्हणून.

संसार चांगला चालला होता. घरात नवरा, ती आणि सासूबाई. सासूबाईंची हयात शाळेत शिपाई म्हणून गेलेली. घंटा वाजवायची आणि मागच्या दाराने पळणारी पोरं पकडायची. त्यामुळे त्याही काही कमी नव्हत्या. कोण कुठे जातंय, का जातंय आणि खरंच तिथेच जातंय का, हे त्यांना कळल्याशिवाय घास उतरायचा नाही. एका छपराखाली अशा दोघी म्हणजे बिचाऱ्या मेकॅनिकचं घरात येणं रोज झडती देऊनच व्हायचं.

पोटात बाळ राहिलं तेव्हा दवाखान्यात नेहमीच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं, की तिच्या रक्तात हेपटायटिस बीचा विषाणू आहे. यकृताला त्रास देणारा. तिला स्वतःला काहीच होत नव्हतं. ना डोळे पिवळे, ना अशक्तपणा. तिने विचारलं, नमुने अदलाबदल झाले नसतील कशावरून? डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त घेतलं. मग तिने आपल्या समाधानासाठी दुसऱ्या लॅबमध्येही दिलं. सगळीकडून तेच आलं.

पहिली शंका कुणावर जाणार? नवऱ्यावर गेली. तोंडाने ती काही बोलली नाही, पण जेवताना अशी बघत बसली की त्याच्या हातातला घास हातातच राहिला. तो डेपोतून परस्पर जाऊन रक्त तपासून आला. काही नव्हतं. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे त्याने लस टोचून घ्यायला सुरुवात केली. रिपोर्ट त्याने तिच्या ताटाशेजारी ठेवला आणि हात धुवायला गेला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मग हे आलं तरी कुठून?

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आई कशी आहे? आई कधीच गेली होती, ही दुसरीत की तिसरीत असताना. पोट फुगलेलं आणि डोळे पिवळे, एवढंच हिला आठवत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक आईकडूनच आलं असावं, जन्माच्या वेळी. तेव्हा गरोदर बाईची अशी तपासणी कोण करत होतं, आणि बाळाला टोचायला काही होतं कुठे? आता आहे. तुमच्या बाळाला आपण जपू.

या सगळ्या बोलण्यातून गाळणीने एकच शब्द गाळून घेतला. आईकडून. बाकीचं सगळं, ते जन्माच्या वेळी वगैरे, गाळात गेलं. आईकडून लेकराला काय जातं? दूध जातं. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिची सगळी नोकरी त्यावरच उभी होती. एका जनावराच्या कासेला दुखणं असलं आणि त्याचं दूध टाकीत पडलं, की अख्खी टाकी ओतून द्यावी लागते. म्हणजे आईने आपल्याला पाजलं आणि पाजता पाजता हे दिलं. बिचारीला माहीत नव्हतं म्हणून दिलं. मला माहीत आहे. मी देणार नाही. एवढं तिने मनाशी पक्कं केलं, आणि कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं की लोक समजूत घालतात आणि समजूत घालणाऱ्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

मुलगी झाली. जन्मल्या जन्मल्या तासाभरात बाळाच्या दोन मांड्यांना दोन सुया टोचल्या. गाळणी अर्धवट ग्लानीत होती, तरी डोळे उघडे. शेजारच्या खाटेवरच्या बाळाला एकच सुई टोचलेली तिने पाहिली होती. तिने सिस्टरला गाठलं. सिस्टर मध्यम वयाची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणलेली बाई. तिने सांगितलं, एक लस ती सगळ्याच बाळांना, ती अंगाला लढायला शिकवते. दुसरी तुमच्या बाळापुरती, ती तयार संरक्षण देते, लस कामाला लागेपर्यंत राखण करायला. दोन्ही वेळेत दिल्यात. आता निर्धास्त पाजा.

निर्धास्त हा शब्द ऐकला आणि गाळणी सावध झाली. धक्क्यावर ज्या कॅनबद्दल ड्रायव्हर निर्धास्त राहा म्हणायचा, त्यातच हमखास पाणी निघायचं. शिवाय सिस्टरने हातमोजे घातले होते. सगळं एवढं सुरक्षित आहे तर मोजे कशाला? शेजारच्या बाईला तपासतानाही सिस्टरने मोजे घातलेले तिने पाहिले, पण त्याने तिचं समाधान झालं नाही. त्या बाईलाही काहीतरी असेल आणि लपवत असतील.

दवाखान्यात सिस्टर डोक्यावर उभी असायची म्हणून पाजावं लागलं. पोरगी ओढायला लागली की हिचं सगळं अंग ताठ व्हायचं. एकेक घोट जणू तिच्या हातून अपराध घडत होता. तिला देवाकडे, डॉक्टरकडे, कुणाकडेच दुसरं काही मागायचं नव्हतं. आपल्याला आईकडून जे आलं ते या पोरीला जाऊ नये, बस्स.

घरी आल्यावर तिने आपला कारभार सुरू केला. सासूबाई आंघोळीला किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या की खोलीचं दार लोटून घ्यायचं, स्टीलच्या वाटीत दूध पिळून काढायचं, स्वयंपाकघरात जाऊन छोट्या पातेल्यात ओतायचं आणि गॅसवर चांगलं उकळायचं. धक्क्यावर आलेल्या दुधाचं डेअरीत दुसरं काय करतात? तापवतात. तापवलं की जे काही जिवंत असेल ते मरतं, हे तिला पाठ. उकळलं की पातेलं गार पाण्यात ठेवायचं आणि मग चमच्याने पोरीला पाजायचं. पहिल्या दिवशी तिने ते दूध उजेडातही धरून बघितलं, वासही घेतला. जरा पातळ, निळसर, गोडसर वासाचं. खोट काढायला काहीच सापडेना. त्याने तर ती आणखीच धास्तावली, कारण ज्यात काही सापडत नाही त्याचीच तिला जास्त भीती.

आता दूध हे असं प्रकरण आहे, की बाळ ओढतं म्हणून ते येतं. हाताने पिळून येतं, पण दिवसेंदिवस कमी कमी. त्यात अर्धं पातेल्याला चिकटायचं, थोडं चमच्यातून गळ्यावर सांडायचं. पोरगी किरकिर करायची, मुठी चोखायची, थकून झोपायची. गाळणी तिच्या तोंडाकडे बघत बसायची आणि स्वतःशीच घोकायची, की किरकिर करेना का, पण वाचली तर. इतकी हुशार बाई, धक्क्यावर भल्याभल्यांना घाम फोडणारी, आणि घरात आपल्याच पोरीला अर्धपोटी ठेवून बसली होती. राग येतो की नाही? मला तर येतो. पण भीतीने माणसाचं डोकं असंच चालतं, फार हुशारीने आणि भलत्याच दिशेला.

वजनाला नेलं तेव्हा सिस्टरने काटा दोनदा बघितला. वजन वाढायला हवं तसं वाढलं नव्हतं. गाळणी लगेच म्हणाली, काटा तपासून घ्या. सिस्टरने चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, किती वेळा पाजता? ही म्हणाली, मागेल तेव्हा. दोन्ही बाजूंनी? दोन्ही बाजूंनी. चीर पडलीय, रक्त येतंय, दुखतंय असं काही? काही नाही. एकेक उत्तर असं घडी घातलेलं, की सिस्टरलाच संशय आला. तिने समोर बसून पाजायला सांगितलं. पोरीला चमच्याची सवय झालेली. ती छातीशी धरली तर तोंड इकडे तिकडे फिरवायला लागली आणि रडायला लागली.

सिस्टर ओरडली नाही. बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत तिने एवढंच म्हटलं, "ताई, तुमच्या मनात काय आहे ते तुम्ही बोलला नाहीत, तर मी कुठे कुठे तपासू?"

गाळणीने ताकास तूर लागू दिली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं कबूल केलं आणि घरी आली. तिला वाटत होतं, की ती सिस्टरला फसवून आली आणि पोरीला वाचवून आली.

इकडे सासूबाईंची वेगळीच चौकशी चालू होती. आंघोळ करून आल्या की छोटं पातेलं ओलं असतं, बुडाशी पांढरी साय धरलेली असते, हे त्यांच्या नजरेतून सुटेल? त्यांनी पातेल्यात नाक घातलं. त्यांना वाटलं, सूनबाई पोरीला गाईचं दूध पाजतेय. स्वतःच्या अंगावरचं असताना वरचं दूध, आणि तेही चोरून. मग आणतं कोण? डेअरीचा कुणीतरी ड्रायव्हर असणार. दोन दिवस त्या दाराशी भाजी निवडत बसल्या, एकही ड्रायव्हर फिरकला नाही. मग खाटेखाली वाकून बघितलं, कॅन लपवलाय का. चपलांखेरीज काही नव्हतं. मुलाला विचारावं तर तो म्हणणार, आई, तू पण ना. शेवटी त्यांनी गाळणीच्या मावशीला फोन लावला. म्हणाल्या, तुमची भाची मला दाद देत नाही, पोरीच्या बाबतीत काहीतरी काळंबेरं आहे, तुम्हीच या.

मावशी म्हणजे गाळणीच्या आईची थोरली बहीण. इस्त्रीचं दुकान चालवायची. आई गेल्यावर गाळणीला तिनेच वाढवलं, स्वतःच्या मुलाबरोबर. मितभाषी बाई, पण एकदा बोलली की चुणी राहायची नाही. ती दुसऱ्याच दिवशी सकाळी आली. पिशवी दाराशी ठेवली, पायही धुतले नाहीत आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. सासूबाई मुद्दाम मोठ्याने आंघोळीला जाते म्हणून सांगून बाल्कनीत उभ्या होत्या. गाळणी गॅसपाशी, हातात पातेलं, आत दोन चमचे दूध.

मावशीने विचारलं, हे काय आहे. गाळणी म्हणाली, काही नाही, पाणी गरम करतेय. मावशीने पातेलं हातातून काढून घेतलं, करंगळी बुडवली, जिभेला लावली. दूध कसलं ते तिला लगेच कळलं. ओळखायला तिला काय, तिने दोन लेकरं अंगावर वाढवलेली. एक कोणतं ते गाळणीलाही ठाऊक होतं, दुसरं कोणतं ते फक्त तिलाच ठाऊक होतं.

"स्वतःचं दूध उकळून पाजतेस?" मावशी म्हणाली. "का गं?"

मग मात्र गाळणीचा बांध फुटला. तिने सगळं सांगितलं. रक्तातला विषाणू, दोन सुया, निर्धास्त म्हणणारी सिस्टर, मोजे, काटा. आणि शेवटी ते, जे तिने अजून कुणालाही सांगितलं नव्हतं. "मला आईने दिलं, मावशी. पाजून दिलं. तिला कळलं नाही म्हणून दिलं. मला कळतंय तर मी कशी देऊ?"

मावशीने पातेलं ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "तुझ्या आईने तुला कधी पाजलंच नाही."

"म्हणजे?" गाळणीने विचारलं.

"एक थेंब नाही," मावशी म्हणाली. "बाळंत झाली तेव्हा तिचे डोळे पिवळे झाले होते. घरातल्या शहाण्यांनी ठरवलं, हिचं दूध विषारी. छातीला घट्ट फडकं बांधलं तिच्या, दूध आटावं म्हणून. माझा मुलगा तेव्हा पाच-सहा महिन्यांचा, मी तुला माझ्याकडे घेतलं. तुझं सगळं पिणं माझ्या अंगावर झालं. ती बाजूला बसायची, भिंतीकडे तोंड करून. तू रडलीस की तिचं ते फडकं भिजायचं, तरी तिला हात लावू द्यायचे नाहीत. मला शपथ घातली होती तिने, पोरीला सांगू नकोस म्हणून. पोरीला वाटेल, आईलाच मी नको होते."

गाळणी उभीच होती. आता एखादी बाई इथे मावशीच्या गळ्यात पडली असती. पण ही गाळणी. हिच्या डोक्यात चक्र फिरलं आणि जे तोंडाशी आलं ते ऐकून बाल्कनीतल्या सासूबाईंनीही डोळे मिटून घेतले.

"मग ते तुझ्यातून आलं असेल," ती म्हणाली.

जिने छातीशी धरून जगवलं तिला असं विचारायचं म्हणजे काय हिंमत म्हणायची की काय म्हणायचं. पण मावशीला राग आला नाही. तिने मान हलवली. तुझा रिपोर्ट आल्याचं तुझ्या नवऱ्याने सांगितलं त्या दिवशी मलाही तेच वाटलं, ती म्हणाली. झोप उडाली माझी. पोरीला आपणच लावलं की काय, या विचाराने दुकान उघडेना. जाऊन रक्त तपासून आले. काही नाही निघालं. आत्ताही नाही आणि पूर्वी कधी होऊन गेल्याची खूणही नाही.

"कुठे तपासलंस?"

मावशीने लॅबचं नाव सांगितलं. मग थांबून म्हणाली, "आणि दुसरीकडेही तपासलं. तुला मी वाढवलंय, मला माहीत नाही का तू काय विचारशील ते?"

गाळणी मोरीच्या कठड्यावर बसली. आता कुणाकडे वळवायला तिच्याकडे शंकाच उरली नव्हती. आईचा थेंबही पोटात गेला नाही, तरी आलं. मावशीचं सगळं दूध पोटात गेलं, त्यात काहीच नव्हतं. म्हणजे दुधाचा संबंधच नव्हता. मग सिस्टर म्हणत होती ते, निर्धास्त पाजा, आणि त्याआधी डॉक्टरीणबाई म्हणत होत्या ते, जन्माच्या वेळी आलं, तेच खरं. ते वाक्य तिने आज पहिल्यांदा पुरतं ऐकलं.

तेवढ्यात सासूबाई आत आल्या, अंग कोरडंच. गाळणीने त्यांच्याकडे बघितलं. आता यांना सगळं कळलं. आता माझी ताटवाटी वेगळी होणार. सासूबाईंनी ते बरोबर ओळखलं. म्हणाल्या, "मुलाबरोबर मलाही लस टोचायला नेलं, तेव्हा बाटलीवरचं नाव वाचलं होतं मी. बाळ येणार त्या घरात सगळ्यांना घ्यावी लागते म्हणे. शिपाई होते, आंधळी नव्हते. मी चौकशी केली, उष्ट्याने होत नाही, जवळ बसल्याने होत नाही, असं कळलं. त्यावर परवा तुझ्याच कपातून चहा प्यायले. मला वाटलं, तू सांगशील कधीतरी."

इतके दिवस ती यांच्यापासून लपवत होती आणि या तिचाच कप वापरत होत्या.

त्याच दिवशी तिघी पोरीला घेऊन सिस्टरकडे गेल्या. सिस्टरने उकळण्याचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला, पण हसली नाही. तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. हा विषाणू बाळाला लागायचा तो मुख्यतः बाळंतपणात, आईच्या रक्तातून लागतो. त्यासाठीच त्या दोन सुया वेळेत टोचल्या. आईच्या दुधातून तो बाळाला होत नाही, म्हणून उकळायचं काही कारण नाही. उकळून नुसतं दूध कमी होतं आणि त्यातलं चांगलंही मरतं. स्तनाला चीर पडून रक्त येत असेल तर लगेच दाखवायला या, तोवर त्या बाजूचं काढून टाका आणि दुसऱ्या बाजूने पाजा. तुमचा ब्रश, नेलकटर, रक्त लागेल अशा वस्तू तुमच्यापुरत्या ठेवा, ताटवाटी वेगळी करायची गरज नाही. लसीचे पुढचे डोस चुकवायचे नाहीत. वर्षाच्या आसपास बाळाचं रक्त तपासू, म्हणजे खात्री होईल. तुम्हीही यकृताच्या डॉक्टरांना दाखवत राहायचं.

आणि मोजे कशाला, हे गाळणीने विचारलंच. सिस्टर म्हणाली, रक्ताशी काम असलं की आम्ही प्रत्येकाला मोजे घालूनच हात लावतो, मग समोर मंत्री असो. गाळणीने मान डोलावली आणि म्हणाली, ती बाळाची तपासणी मी दोन ठिकाणी करणार. सिस्टर म्हणाली, तीन ठिकाणी करा, पण आज पाजा. ती तपासणी पुढे झाली, दोन्ही ठिकाणी झाली आणि पोरीच्या रक्तात विषाणू निघाला नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं, उगाच कुणाला टांगून कशाला ठेवा.

पण त्या दिवशी तसं सोपं नव्हतं. दूध आटत चाललेलं आणि पोरगी ओढायचं विसरलेली. सिस्टरने दाखवलं तसं तिने घरी येऊन पोरीला उघड्या अंगाशी घेतलं, छातीवर पालथी ठेवली. पोरीने तोंड फिरवलं, रडली, पुन्हा फिरवलं. सासूबाई म्हणाल्या, चमचा आणू का आजपुरता? गाळणी नको म्हणाली. नवरा डेपोतून लवकर आला होता, दाराबाहेर उभा राहून काही हवंय का विचारत होता, आणि त्याला दर वेळी काही नको म्हणून सांगावं लागत होतं. त्या दिवशी थोडंच गेलं. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. सिस्टर रोज फोन करून विचारायची आणि गाळणी पहिल्यांदाच आयुष्यात कुणाला खरंखुरं उत्तर देत होती.

मावशीने दुकान बंद ठेवून मुक्काम केला होता. तिसऱ्या की चौथ्या दुपारी ती खाटेच्या कडेला बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती. गाळणीने पोरीला जवळ घेतलं आणि पोरीने या वेळी तोंड फिरवलं नाही. घट्ट धरलं. आधी भराभर ओढलं, मग लय लागली आणि घोट उतरल्याचा आवाज यायला लागला. गळा हलताना स्पष्ट दिसत होता. गाळणी टक लावून बघत राहिली. सवयीने तिला कुठेतरी खोट शोधायची होती. सापडेना, आणि सापडेना याची या वेळी भीती वाटेना. दुसऱ्या बाजूचं दूध आपोआप पाझरून तिचे कपडे भिजले.

ते भिजलेलं बघून तिच्या डोक्यात एक गोष्ट आली. तिला आईकडून जे मिळायचं होतं ते ती जन्मली त्याच वेळी मिळून गेलं होतं. त्यानंतर आईने पाजलं असतं तरी त्यात काही भर पडली नसती. आईच्या छातीचं ते फडकं कुणालाच वाचवत नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली, "आईने मला पाजलं असतं तर चाललं असतं गं."

मावशीने हातातलं दुपटं बाजूला ठेवलं. ती उठून जवळ आली, गाळणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघी त्या एका बाईसाठी पोटभर रडल्या. पोरगी पीत राहिली.